भंगारातला आस

2013 च्या एप्रिलमध्ये आमच्या पिकअपचा मागचा आस मोडला. आता त्याला सगळे अॅक्सल म्हणतात. आमच्या वडिलांच्या तोंडी बैलगाडीचा आस होता, म्हणून माझ्याही तोंडी तोच शब्द बसला. गाडी ओढ्याच्या कोरड्या पात्रातून वर चढत होती. मागं पाण्याची टाकी होती. कडाड् असा आवाज झाला, उजवं चाक फेंगडं झालं आणि गाडी तिथंच बसली. नळीसारखं जे हाउसिंग असतं ते चिरलं होतं, आतला शाफ्टही गेला होता. काळं ऑईल वाळूत गळत होतं, आणि टाकीला धक्का बसून झाकणातून पाणीही सांडत होतं. त्या साली ऑईलपेक्षा पाणी सांडलेलं बघवत नव्हतं.

चूक माझीच होती, ती आधी सांगून टाकतो. गाडी सव्वा टनाची. मी तिच्यावर दोन हजार लिटरची टाकी बांधली होती. पाण्याचा हिशेब पोरालाही येतो, एक लिटर म्हणजे एक किलो. दोन हजार लिटर म्हणजे दोन टन, टाकी वेगळी. मुलगा म्हणाला होता, "आबा, अर्धीच भरू." मी म्हणालो, "अर्ध्या टाकीत निम्मी झाडं वाळतील." मोसंबीची दोनशे झाडं होती, बारा वर्षं वाढवलेली. झाडाला वीस लिटर दिले तर एका टाकीत शंभर झाडं होत. दोन खेपांत बाग भिजे, भिजे म्हणजे नुसती जिवंत राही.

त्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यात काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. बागाच्या बागा वाळल्या. लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणत, "बहात्तरला विहिरीत पाणी होतं, पण खायला दाणा नव्हता. आता दाणा आहे, पण पाणी नाही." 1972 ला मी शाळेत होतो. मिलो आणि सुकडी मी खाल्लेली आहे. म्हणून हे बोलणं मला खोटं वाटत नाही.

गाडी बसली त्या दिवशी संध्याकाळी आमची जुनी टायरगाडी बाहेर काढली. बैलजोडी अजून दारात होती. दोनशे लिटरचे तीन ड्रम गाडीत ठेवले आणि रात्रीतून दोन खेपा केल्या. तेव्हा मला या टायरगाडीचा इतिहास आठवला.

वडिलांची पहिली गाडी लाकडी होती. चाकाला लोखंडी धाव, तुंबा बाभळीचा. खालच्या बाजूला वंगणाचं नळकांडं लटकलेलं असे. वंगण आटलं की चाक कुरकुरायचं आणि वडील म्हणायचे, "आस ओरडतोय, त्याला आधी पाज." धावेनं रस्त्याला चाकोऱ्या पडत. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडी रुतली की बैलांची दशा व्हायची.

मग रबरी टायर आले. हवा भरलेलं टायर 1888 साली डनलॉप नावाच्या माणसानं बेलफास्टमध्ये आपल्या पोराच्या तीनचाकी सायकलीसाठी बनवलं. तो धंद्यानं जनावरांचा डॉक्टर होता. बैलांच्या खांद्यावरचा भार शेवटी जनावरांच्या डॉक्टरमुळंच हलका झाला, याची मला फार गंमत वाटते. त्याच्या नावाच्या कंपनीनं 1936 मध्ये बंगालात साहागंजला कारखाना काढला, आणि पुढं टायरच्या बैलगाडीलाच कित्येक ठिकाणी लोक डनलॉप म्हणू लागले. पण टायर लाकडी आसावर बसत नाही. त्याला मोटारीचा आस लागतो. आणि शेतकऱ्याला नवा आस कोण देणार? म्हणून भंगारात निघालेल्या जुन्या मोटारींचे आस गावोगावच्या लोहारांनी, सुतारांनी बैलगाड्यांखाली घातले. वडिलांनी बहात्तरनंतर टायरगाडी केली, तिच्या खालचा आससुद्धा कुठल्याशा मोडीत निघालेल्या मोटारीचा होता. म्हणजे आमच्या घरात भंगारातला आस काही पहिल्यांदा येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि मी मिस्त्रीला घेऊन जालन्याला गेलो. नवा आस मागवायचा तर आठ-दहा दिवस लागणार होते, आणि पैसेही नव्हते. जालना सोन्याचा पाळणा म्हणतात, पण त्या पाळण्याची दोरी लोखंडाची आहे. एमआयडीसीत भट्ट्या आहेत. देशभरातून, परदेशातूनही भंगार येतं, भट्टीत वितळतं आणि त्याच्या सळया होतात. मोडीत निघालेली गाडी गॅसनं कापतात. कामाचा माल बाजूला काढतात, बाकी भट्टीत जातो. भट्टीच्या वाटेवर अडवून धरलेला माल, तेच जुन्या पार्टांचं दुकान.

मिस्त्री घाई करू देत नव्हता. "काका, आस दिसायला सगळे सारखे. पण पोटात काय आहे ते मोजावं लागतं." पहिल्या आसाच्या ड्रमला सहा बोल्ट होते, आमच्या चाकाला पाच. तो सोडला. दुसऱ्याचे बोल्ट जुळले. मिस्त्रीनं शाफ्टच्या तोंडाला खडूची खूण केली, आम्हाला दोन्ही ड्रम एकदम एक फेरा फिरवायला लावले आणि खूण किती वेळा वर येते ते मोजलं. साडेचारही भरले नाहीत. "हा पळायला बरा, ओढायला नाही. पाण्याची टाकी घेऊन चढ लागला की क्लच जाळशील." तिसऱ्याचे पाच फेरे होऊन वर थोडंसं भरलं. आमच्या मोडक्या आसाच्या क्राऊनला एक्केचाळीस दात आणि पिनियनला आठ. एक्केचाळीस भागिले आठ, पाच आणि वर थोडं. हिशेब जुळला. दहावीपर्यंतचं गणित इतक्या उपयोगी कधी पडलं नव्हतं.

मग त्यानं खालचा बोल्ट काढून ऑईल बघितलं. दुधाळ असतं तर आत पाणी गेलेलं. चुंबक फिरवला, कीस निघाला नाही. नळीवर सांधलेली जागा नाही ना, पाटे जिथं बसतात त्यातलं अंतर बरोबर आहे ना, तेही पाहिलं. चौदा हजाराला सौदा ठरला. वजनाच्या भावानं नव्हे, मालाच्या भावानं. मोडका आस मात्र वजनावर घातला.

बसवायला एक दिवस लागला. गाडी लाकडी ठोकळ्यांवर उचलली, जॅकवर भरवसा ठेवला नाही. यू-बोल्ट नवे घेतले, कारण ताणलेला बोल्ट पुन्हा आवळू नये. वरची हवा जायची बारीक नळी बुजली होती, ती मिस्त्रीनं तारेनं मोकळी केली. ती बुजली तर आतली हवा तापून सील फोडते आणि ऑईल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं. नव्वद नंबरचं ऑईल भरलं, ब्रेकमधली हवा काढली. "चार दिवसांनी भरल्या गाडीत यू-बोल्ट पुन्हा आवळा," तो म्हणाला, "आणि काका, टाकी हजाराची घ्या."

या वेळी ऐकलं. हजार लिटरची टाकी, दोनाऐवजी चार खेपा. डिझेल जास्त गेलं, झोप कमी झाली. दोनशेपैकी एकशेतीस झाडं राहिली. सत्तर गेली. त्यातली किती मी जादा भार घालून गाडी बसवली त्या चार दिवसांत गेली, हे मी अजून मनात मोजतो.

पुढं मुलानं ती पिकअप विकली. घेणाऱ्याला त्यानं सांगितलं, मागचा आस बदललेला आहे, कितीचा आहे तेही सांगितलं. तो आस आमच्याकडं कधी कुरकुरला नाही. टायरगाडी अजून वाड्यात आहे, बैल नाहीत. परवा नातवानं विचारलं, "आजोबा, ही भंगारात का देत नाही?" मी म्हणालो, "तिचा आस एकदा भंगारातून परत आलेला आहे. त्याला पुन्हा कशाला धाडू?"