मोठ्या आतड्यातील अनेक प्राथमिक कर्करोग : शस्त्रक्रियेच्या व्याप्तीचा इतिहास

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारणतः तीन ते पाच जणांत एकाच वेळी दोन किंवा अधिक स्वतंत्र गाठी आढळतात. काहींच्या बाबतीत पहिली गाठ काढल्यानंतर कित्येक वर्षांनी दुसरी उद्भवते. पहिल्या प्रकारास एककालिक व दुसऱ्यास उत्तरकालिक असे म्हणता येईल. अशा रुग्णाचे आतडे किती काढावे, या प्रश्नाच्या इतिहासाचा प्रस्तुत लेखात मागोवा घेतला आहे.

दुसरी गाठ स्वतंत्र आहे की पहिलीपासूनच पसरलेली, हे ठरविणे प्रथम आवश्यक होते. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्ना येथील थिओडोर बिलरोथ यांनी त्यासाठी कठोर निकष मांडले. दोन्ही गाठींची पेशीरचना भिन्न असावी, हा त्यांपैकी एक. मोठ्या आतड्यातील बहुतेक कर्करोग एकाच, म्हणजे ग्रंथिल प्रकारचे असल्याने या कसोटीवर ते उतरणे जवळजवळ अशक्यच होते. 1932 मध्ये वॉरेन आणि गेट्स यांनी ही अट सोडून दिली. प्रत्येक गाठ निश्चितपणे कर्करोगाची व एकमेकींपासून वेगळी असावी आणि एक दुसरीपासून पसरली असण्याची शक्यता नसावी, एवढेच त्यांनी मागितले. शस्त्रक्रियेच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा होय. कारण स्वतंत्र गाठ लसिकाग्रंथींसह समूळ काढली तर रोगी बरा होण्याची आशा असते.

गाठ शोधण्याचे साधन मात्र बराच काळ शल्यविशारदाची बोटे व बेरियमचे क्ष-किरणचित्र एवढेच होते. न्यूयॉर्क येथील वोल्फ व शिन्या यांनी 1969 पासून कोलोनोस्कोपीद्वारे आतड्यातील मोड काढण्यास आरंभ केल्यावर चित्र पालटले. तरीही गाठीने मार्ग रोखला असेल तर दुर्बीण पलीकडे जात नाही. अशा रुग्णांचे उरलेले आतडे शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांत तपासावे लागते.

दोन गाठी जवळ असतील तर एकच भाग काढणे पुरते. त्या दूर असल्यास दोन भाग काढून दोन जोडण्या कराव्यात, की बहुतेक सर्व मोठे आतडे काढून लहान आतडे गुदाशयास जोडावे? पहिल्या मार्गात जोडणी गळण्याचा धोका दोन ठिकाणी राहतो. दुसऱ्यात वारंवार शौचास जावे लागते, आणि वृद्धांना ते विशेष जाचक ठरते.

या पेचात आनुवंशिकतेने नवी बाजू आणली. 1895 मध्ये मिशिगनमधील एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितले होते की, आपले बहुतेक नातलग कर्करोगाने गेले व आपणही तशाच जाऊ. दुर्दैवाने ते खरे ठरले. वॉर्थिन यांनी 1913 मध्ये या घराण्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पुढे हेन्री लिंच यांनी या विषयाचा पाठपुरावा केला. 1993 मध्ये संबंधित जनुकांपैकी पहिले सापडले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, असा जनुकदोष असलेल्या 382 रुग्णांच्या अभ्यासात आतड्याचा केवळ एक भाग काढलेल्या 332 पैकी 74 जणांना पुन्हा आतड्याचा कर्करोग झाला; विस्तृत शस्त्रक्रिया झालेल्या 50 पैकी एकालाही झाला नाही. त्यामुळे अशा तरुण रुग्णांत विस्तृत शस्त्रक्रियेकडे कल असतो, तर वृद्धांत मर्यादित शस्त्रक्रिया करून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने तपासणी करण्याचा मार्गही स्वीकारला जातो.