जयघोषापासून क्रीडेपर्यंत

२००८ सालीं आयपीएलच्या सामन्यांत सीमारेषेजवळ नाचणाऱ्या तरुणी दूरचित्रवाणीवर दिसूं लागल्या, आणि ‘चीअरलीडर’ हा शब्द आमच्या सुशिक्षित कुटुंबांत किंचित् नाक मुरडूनच उच्चारला जाऊं लागला. हा दोष सर्वस्वीं प्रेक्षकांचा नव्हे. त्यांस दाखविण्यांत आली ती निव्वळ करमणूक होती. ज्या विद्येचें हें नांव, तिचा इतिहास निराळा आहे, आणि त्यांत तरुणांच्या हिताहिताचा प्रश्न गुंतलेला असल्यामुळें तो थोडक्यांत सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

ह्या विद्येचा उगम अमेरिकेंतील महाविद्यालयांत झाला. फुटबॉलच्या सामन्यांत ठरीव आरोळ्या देण्याचा प्रघात प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांत पूर्वींच पडला होता. १८९८ च्या नोव्हेंबरांत मिनेसोटा विद्यापीठाचा जॉनी कॅम्पबेल हा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला, आणि त्या आरोळ्यांस नायक मिळाला. आरंभीं हें नायकत्व पुरुषांकडेच होतें. पुढें अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले आयझेनहॉवर हे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत असतां गुडघा दुखावून फुटबॉलला मुकले, तेव्हां त्यांनीं हेंच काम पत्करलें. मिनेसोटांत १९२३ सालीं स्त्रियांचा ह्यांत प्रवेश झाला. दुसऱ्या महायुद्धांत तरुण रणांगणावर गेले आणि त्यांची जागा बहुतांशीं मुलींनीं घेतली. १९४८ सालीं लॉरेन्स हर्किमर यांनीं टेक्सासमध्यें ह्या विद्येचें शिक्षण देणारें शिबिर भरविलें. पुढें कोलांट्या, उंच झेपा व मानवी मनोरे यांची भर पडत गेली, आणि दुसऱ्यांच्या खेळास उत्तेजन देणारे हे संघ स्वतःच एकमेकांशीं स्पर्धा करूं लागले.

मग प्रश्न निघाला, ह्यास खेळ म्हणावें कीं नाहीं? कनेक्टिकटमधील क्विनिपिॲक विद्यापीठानें मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्याच्या जागीं चीअरलीडिंग मोजूं पाहिलें, तेव्हां व्हॉलीबॉलच्या मुली न्यायालयांत गेल्या. २०१० सालीं निकाल लागला कीं, ह्या स्पर्धांस अद्याप पुरेशी बांधणी नाहीं. सबब कायद्याच्या दृष्टीनें हा खेळ नव्हे. परंतु २०१२ सालीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें दुसरी बाजू मांडली. मागील पंचवीस वर्षांत हायस्कुलांतील खेळाडू मुलींस झालेल्या अत्यंत गंभीर इजांपैकीं शेंकडा ६५ इजा ह्या एकाच प्रकारांत झाल्या होत्या. म्हणून ह्यास खेळच मानावें, शिक्षक जाणता असावा, मुलींची वैद्यकीय तपासणी व्हावी, कठीण जमिनीवर मनोरे रचूं नयेत व ते दोन माणसांहून उंच नसावेत, अशी अकादमीची शिफारस होती. २०२१ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनेंही ह्या क्रीडेच्या जागतिक संघटनेस पूर्ण मान्यता दिली.

‘खेळ’ हें नांव पुष्कळांस मानाचें वाटतें. आम्हांस तें संरक्षणाचें वाटतें. करमणुकीच्या नाचास कोणी पंच नेमीत नाहीं, त्याच्या शेजारीं वैद्य उभा करीत नाहीं. ह्या विद्येचा गुण मोठा आहे. येथें सडपातळ मुलीइतकीच भक्कम खांद्यांची मुलगीही लागते. वर चढणारी खालच्यांच्या हातांवर जीव टाकते, आणि खालच्या, टाळ्या दुसरीस पडत असतां, नजर ढळूं न देतां उभ्या राहतात. तरुण वयांत हा विश्वास शिकण्यासारखा आहे. पण विश्वासाच्या खाली गादी नसेल, तर त्याची किंमत मणक्यानें मोजावी लागते.

मनोरे रचणें महाराष्ट्रासही नवें नाहीं. २०२२ सालीं शासनानें दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा देण्याचें जाहीर केलें. नांव मिळालें, हें ठीकच झालें. मात्र आपला मुलगा ज्या थरावर चढतो, त्याखालीं काय अंथरलें आहे, हें विचारण्याचें काम पालकांचें आहे, आणि तें कोणत्याही दर्जानें टळत नाहीं.