नारू गेला, शस्त्र राहिलें

नारू हा शब्द आमच्या कोल्हापूर भागांतील जुन्या मंडळींना अपरिचित नाहीं. पायावरच्या फोडांतून निघणारा, दोन-तीन फूट लांबीचा पांढरा दोरा काडीवर रोज थोडथोडा गुंडाळून काढावयाचा, हा त्यावरचा परंपरागत उपाय. दख्खनच्या कोरड्या मुलखांत पायऱ्यांच्या विहिरी असत. माणसें पाण्यांत उतरून घागरी भरीत. नारू झालेल्याच्या पायास पाणी लागलें कीं मादी आपलीं हजारों पिलें त्यांत सोडी, तीं पिलें सायक्लॉप्स नांवाचा सूक्ष्म जलजीव गिळी, आणि तें पाणी न गाळतां पिणाऱ्याच्या अंगांत सुमारें वर्षभरानें दुसरा नारू तयार होई. हें चक्र रशियन शास्त्रज्ञ फेदचेंको यांनीं १८७० च्या सुमारास उलगडलें.

या रोगांतील एका गोष्टीकडे मात्र आम्हांस वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. फोड येण्याच्या सुमारास पुष्कळ रोग्यांच्या सर्वांगास खाज सुटे, गांधी उठत, ओकाऱ्या होत, क्वचित् श्वासही कोंडे. आणि फोड फुटला कीं हीं लक्षणें बहुधा ओसरत. मासा किंवा एखादें औषध न मानवलेल्या माणसाची जी अवस्था होते, तीच ही. मुंबईची बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १९२५ सालीं हाफकिन इन्स्टिट्यूट या नांवानें ओळखली जाऊं लागली. तेथें त्या सुमारास नील हॅमिल्टन फेअर्ली व ग्लेन लिस्टन यांनीं नारूच्या विकृतीचा बारकाईनें अभ्यास केला. कृमि आणि गांधी यांचा संबंध काय, हा प्रश्न असा आपल्या दारींच उभा होता. उत्तर मात्र तुकड्यातुकड्यांनीं दूरदेशीं मिळालें.

पहिला तुकडा जर्मनींतला. १८७८ सालीं पाउल एर्लिख या तरुण विद्यार्थ्यास रंग दिलेल्या ऊतींत दाणेदार पेशी दिसल्या. त्या खाऊन-पिऊन पुष्ट झाल्या असाव्यात अशा समजुतीनें त्यांनीं त्यांस ‘मास्ट’ पेशी म्हटलें. समजूत चुकीची ठरली, नांव टिकलें. ते दाणे म्हणजे हिस्टामिनादि दाहक द्रव्यांचीं कोठारें होत. दुसरा तुकडा १९२१ चा. क्युस्टनर यांना मासा सोसत नसे. त्यांच्या रक्ताचा द्रव प्राउस्निट्झ यांनीं स्वतःच्या त्वचेंत टोंचून घेतला, व दुसऱ्या दिवशीं तेथेंच माशाचा अर्क टोंचतांच गांधी उठली. रक्तांत कांहीं तरी आहे हें सिद्ध झालें. तें काय, हें पुढें पंचेचाळीस वर्षें गूढच राहिलें. १९६६ सालीं इशिझाका या जपानी दांपत्यानें अमेरिकेंत व १९६७ सालीं योहानसन आणि बेनिख यांनीं स्वीडनमध्यें तें हुडकलें. १९६८ सालीं त्यास इम्युनोग्लोब्युलिन ‘ई’ हें नांव मिळालें.

परंतु नांव मिळण्यापूर्वींच, १९६४ सालीं, ब्रिजेट ऑगिल्व्ही यांनीं कृमिग्रस्त प्राण्यांच्या रक्तांत याच जातीचे प्रतिपिंड दाखविले होते. ज्यास आपण रोगाचें मूळ समजत होतों, तें मूळचें कृमींविरुद्धचें शस्त्र असावें, असें तेव्हांपासून दिसूं लागलें. तें असें चालतें. कृमि इतका मोठा असतो कीं रक्तांतील पांढरी पेशी त्यास गिळूं शकत नाहीं. म्हणून हे प्रतिपिंड मास्ट पेशींच्या पृष्ठावर सज्ज होऊन बसतात. कृमीचें द्रव्य त्यांस भिडलें कीं पेशी आपलीं कोठारें रितीं करते. आतड्यांत श्लेष्मा सुटतो, आतड्याची हालचाल वाढते, आणि पाहुण्यास बाहेर लोटण्याची खटपट सुरू होते. कृमिग्रस्ताच्या रक्तांत या प्रतिपिंडांचें प्रमाण अनेक पटींनीं वाढतें तें यामुळेंच.

मग अशा माणसास सदैव दमा कां होत नाहीं? कारण कृमीही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. वर्षानुवर्षें अंगांत राहावयाचें तर यजमानाचा क्रोध शमविला पाहिजे. म्हणून तो शरीराच्या नियामक पेशींस चेतवितो. आफ्रिकेंतील गॅबन देशांतील शाळकरी मुलांचा २००० सालीं प्रसिद्ध झालेला अभ्यास येथें बोलका आहे. रक्तकृमि असलेल्या मुलांच्या रक्तांत घरच्या धुळींतील सूक्ष्म किड्याविरुद्ध प्रतिपिंड असूनही त्यांच्या त्वचेवर गांधी कमी उठत. शस्त्र होतें, पण म्यान केलेलें.

यावरून कांहीं सुशिक्षित घरांत एक विचार बोलून दाखविला जातो: जुन्या काळीं पोटांत जंत होते म्हणून दमा नव्हता, मग जंतांचें औषध हवेंच कशाला? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. व्हिएतनाममध्यें जंत घालविल्यावर मुलांच्या त्वचेची संवेदना वाढलेली २०१० सालीं दिसलीही. परंतु दमा वाढला नाहीं. आणि त्याच वर्षीं डेन्मार्कमध्यें परागज्वराच्या रोग्यांना डुकराच्या कृमीचीं अंडीं मुद्दाम पाजून पाहिलीं, तेव्हां कांहीं गुण आला नाहीं. उलट जंतांचा हिशेब रोकडा आहे. उसाच्या रानांत अनवाणी राबणाऱ्याच्या तळव्यांतून शिरणारा अंकुशकृमि रक्त शोषतो. मुलाची वाढ खुंटते. नारू तर ऐन पेरणींत शेतकऱ्यास अंथरुणास खिळवी.

नारू घालविला तो लसीनें नव्हे, औषधानेंही नव्हे. पाणी गाळणें, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणें व पाण्यांतील सायक्लॉप्स मारणें एवढ्यानेंच १९८४ सालीं देशांत सुमारें चाळीस हजार असलेले रोगी कमी होत १९९६ सालीं शेवटच्या रोग्यापर्यंत आले. २००० सालीं देश नारूमुक्त ठरला. शाळांतून व अंगणवाड्यांतून २०१५ पासून दिली जाणारी जंतांची गोळी याच मार्गावरचें पुढचें पाऊल आहे, आणि तें मागें घेण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

मात्र शत्रू निघून गेला तरी शिपाई उभाच आहे. धुळीनें धाप लागलेल्या मुलाची आई ‘याची प्रकृतीच नाजूक’ असें म्हणते, तेव्हां तिला सांगावें कीं ही दुर्बलता नव्हे. लाखों वर्षें कृमींशीं झुंजलेलें बळ आज कामाविना बसून धुळीसच शत्रू समजत आहे. त्यास दमाचे धडे देणें हें पुढच्या वैद्यकाचें काम. त्यासाठीं जुन्या वैऱ्यास घरांत परत बोलावण्याचें कारण नाहीं.