रॉटरडॅम दर्शन : सहलीची आखणी

पाहुण्यांना रॉटरडॅम दाखवताना आधी एक तारीख सांगावी : १४ मे १९४०. त्या दिवशी जर्मन बॉम्बहल्ल्यात जुने शहर बेचिराख झाले, सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. हे ठाऊक नसेल तर मुलांना नुसत्या विचित्र इमारतीच दिसतात.

सुरुवात ब्लाक स्टेशनपासून करावी. क्रम असा :

१. लॉरेन्स चर्च : हल्ल्यात जळालेले, नंतर पुन्हा उभारलेले.
२. घनाकृती घरे (१९८४) : वास्तुकार पीट ब्लोम. एक घर आतून पाहता येते. जवळच हल्ल्यातून वाचलेले दहा मजली 'व्हिट्टे हाऊस' (१८९८).
३. झाडकिन यांचे 'उद्ध्वस्त शहर' शिल्प (१९५३) : माणसाच्या छातीपोटात पोकळी, शहराचे हृदयच गेले.
४. इरॅस्मस पुलापलीकडे (१९९६) हॉटेल न्यूयॉर्क : अमेरिकेला माणसे नेणाऱ्या जहाज कंपनीचे जुने मुख्य कार्यालय.
५. फेनिक्स (२०२५) : स्थलांतराचे संग्रहालय. आपल्यासारख्यांनी इथे वेळ राखून ठेवावा.

आजी-आजोबा सोबत असतील तर पुलावरून ट्राम घ्यावी. गाइड ठरवताना भाषा आणि चालण्याचे अंतर आधीच विचारावे.