सोलापूरची जुनी गिरणी

सोलापुरांत ‘जुनी गिरणी’ म्हटलें कीं दुसरी खूण सांगावी लागत नसे. ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ हें तिचें कागदोपत्रींचें नांव फारच थोड्यांच्या तोंडीं बसलें. अर्थात् जन्मतःच कोणी जुनें नसतें. लक्ष्मी, विष्णु, नरसिंगगिरजी, जाम अशा गिरण्या मागाहून निघाल्या, तेव्हां पहिलीला हें विशेषण मिळालें. परंतु १८७७ सालीं तिचीं यंत्रें प्रथम फिरूं लागलीं, त्या वेळीं सोलापुरास गिरणी ही चीज अगदीं नवी होती; आणि तें वर्ष लोकांच्या स्मरणांत राहिलें तें गिरणीमुळें नव्हे, दुष्काळामुळें.

कंपनीची स्थापना १८७४ ची. संस्थापक शेठ मोरारजी गोकुळदास हे मुंबईचे भाटिया व्यापारी; मुंबईंत त्यांच्या नांवाची गिरणी त्यापूर्वींच निघालेली होती. त्या काळच्या भांडवलवाल्याची नजर सहसा मुंबई बेटापलीकडे जात नसे. यंत्रें उतरावयाचीं मुंबई बंदरांत, कोळसा उतरावयाचा तेथेंच, आणि चीनला सूत धाडावयाचें तेंही तेथूनच. मग तेथून सुमारें २८० मैल आंत, सीनेच्या खोऱ्यांतल्या एका कोरड्या मुलुखांत गिरणी घालण्यांत शहाणपण कोणतें?

त्याचें उत्तर सोलापूरच्या पेठांत होतें. साळी, कोष्टी, मोमीन आणि तेलंगणांतून आलेले पद्मशाली विणकर येथें माग चालवीत होते. भोवतालच्या काळ्या जमिनींत पिकलेला कापूस मुंबईस जाई, आणि मागावर चढणारें गिरणीचें सूत पुन्हां मुंबईहून, किंवा तिच्या मार्गानें विलायतेहून, येथें येई. १८६० सालीं जी. आय. पी. रेल्वे सोलापुरास पोहोंचली होती. १८७१ मध्यें ती रायचूरला मद्रासच्या लोहमार्गास जाऊन मिळाली. त्याच सालीं आदिला नदीवर बांधलेला एकरूखचा विस्तीर्ण तलाव पुरा झाला, आणि या तहानेल्या गांवाला पुढें त्याचें पाणी मिळालें. कापूस दाराशीं, गिऱ्हाईक दाराशीं, उरलेला माल न्यावयास आगगाडी. शेठजींचा हिशेब चुकला नाहीं.

गिरण्यांनीं हातमाग बुडविले असें सरसकट म्हणण्याची चाल आहे. सोलापूरपुरतें तें फार तर अर्धें खरें. हातानें सूत काढणारी बाई विलायती सुतापुढें पूर्वींच हरली होती. विणकराला मात्र आतां घराजवळ सूत मिळूं लागलें, आणि गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यांतच हातमागांचा खडखडाट पुढें कित्येक वर्षें चालू राहिला.

भोंगा वाजण्यापूर्वीं मात्र दुष्काळ आला. १८७६ च्या पावसानें दगा दिला, आणि दख्खनच्या ज्या जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ लागली त्यांत सोलापूर होतें. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांची मजुरी १८७७ च्या आरंभीं सरकारनें आणखी कमी केली, तेव्हां हजारों उपाशी माणसें काम टाकून निघून गेलीं. पुण्याची सार्वजनिक सभा गांवोगांवची हकीकत गोळा करून सरकारपुढें मांडीत होती. १८७२ च्या खानेसुमारींत जिल्ह्याची लोकसंख्या सात लाखांवर होती. १८८१ च्या खानेसुमारींत ती सहा लाखांच्याही खालीं उतरलेली दिसते. कांहीं मेले, कांहीं परागंदा झाले.

अशा वर्षीं गिरणीचें फाटक उघडलें. कुणब्याला आजवर ठाऊक असलेलीं सर्व कामें पावसावर अवलंबून होतीं. पाऊस पडो न पडो, महिन्याच्या महिन्याला पगार देणारें काम तो प्रथमच पाहत होता. त्याची किंमतही तशीच होती. हिंदुस्थानांतला पहिला कारखान्यांचा कायदा १८८१ चा, आणि तोही केवळ मुलांपुरता. कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषाचे तास कायद्यानें बारांवर आणावयास १९११ साल उजाडावें लागलें. घराघरांत घड्याळ येण्यापूर्वीं सोलापुरांत वेळ सांगणारा होता तो भोंगा. त्याच्या हाकेवर चुली पेटत, आणि त्याच्याच हाकेवर बायका तान्हीं मुलें घरीं टाकून निघत.

कामगारांपैकीं सगळेच आपल्या पायांनीं आले नाहींत. १९११ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखालीं कैकाडी, पारधी, भामटे इत्यादि लोकांना सोलापुरास तारेच्या कुंपणाआड वसविण्यांत आलें, आणि त्यांच्यांतलीं माणसें शहरांतल्या गिरण्यांत कामास जाऊं लागलीं. सुधारणेचा हेतु त्यामागें सांगितला जाई. गिरण्यांनाही स्वस्त व हुकमी हात मिळाले, हें मात्र त्याबरोबर सांगितलें पाहिजे. तो कायदा रद्द झाला १९५२ सालीं.

मोरारजी शेठ १८८० मध्यें वारले. त्यांचे पुत्र नरोत्तम मोरारजी यांचा जन्मही १८७७ चाच. त्यांनीं १९१९ सालीं सोलापूरचेच वालचंद हिराचंद यांच्याबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली. समुद्रापासून इतक्या दूरच्या गांवाचा बोटींशीं संबंध जडला तो असा. १९३० च्या मे महिन्यांत गिरणगांवाचें हें शहर सत्याग्रहांत उठलें आणि त्यावर लष्करी कायदा बसला. १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे येरवड्यास फांशीं गेले. ती कथा स्वतंत्रपणें सांगण्याजोगी आहे.

२७ ऑगस्ट १९४९ रोजीं जुनी गिरणी बंद पडली. गैरव्यवस्था व हेळसांड हें कारण सरकारनें दिलें. दुष्काळांत शेत सोडून आलेल्यांचे नातू आतां पुरते गिरणीकर झाले होते. परत जावयास शेत उरलें नव्हतें. ९ जानेवारी १९५० रोजीं, राज्यघटना अंमलांत येण्यास अवघे सतरा दिवस असतांना, वटहुकूम काढून सरकारनें गिरणीचा कारभार आपल्या हातीं घेतला. पुढें त्याचा कायदा झाला. बेकारी हें त्याच्या प्रस्तावनेंत दिलेलें एक कारण होतें.

चिरंजीतलाल चौधरी नांवाचे एक भागीदार सर्वोच्च न्यायालयांत गेले. सर्व कंपन्या सोडून एकट्या सोलापूरच्या कंपनीकरितां कायदा कां, हा त्यांचा प्रश्न. ४ डिसेंबर १९५० रोजीं पांचांपैकीं तीन न्यायमूर्तींनीं त्यांचा अर्ज फेटाळला: परिस्थितीच विशेष असेल तर एकट्यासाठींही कायदा होऊं शकतो. उरलेल्या दोघांना तें पटलें नाहीं. आणि त्यांचा आक्षेप पोकळ होता असें म्हणवत नाहीं, कारण गैरव्यवस्थेच्या कंपन्या देशांत दुसऱ्या नव्हत्याच असें थोडेंच होतें! मग सरकारनें नेमलेल्या संचालकांनीं प्रेफरन्स शेअरमागें राहिलेले पन्नास रुपये मागितले. द्वारकादास श्रीनिवास यांनीं त्यास हरकत घेतली, आणि १८ डिसेंबर १९५३ रोजीं त्याच न्यायालयानें उलट कौल दिला. मोबदला न देतां मालमत्ता हिरावून घेणारा म्हणून तो कायदा घटनाबाह्य ठरला. १९५५ सालीं झालेल्या चौथ्या घटनादुरुस्तीच्या मागें ज्या निकालांचा रेटा होता, त्यांत हा एक. ठराविक मुदतीसाठीं मालमत्तेचा कारभार हातीं घेण्यास त्या दुरुस्तीनें संरक्षण दिलें.

दोन्ही खटल्यांत दाद मागणारे होते ते भागीदार. ज्याचा पगार थांबला होता तो कामगार त्या कज्ज्यांत पक्षकार नव्हता; तो होता प्रस्तावनेंतल्या एका शब्दापुरता.

गिरणीचा भोंगा आतां वाजत नाहीं. कायद्याचे विद्यार्थी तिचें लांबलचक इंग्रजी नांव पाठ करतात. सोलापुरांत मात्र मुरारजी पेठ आणि जुनी मिल कंपाउंड हीं दोन नांवें पोस्टमनला अजून पाकिटांवर वाचावीं लागतात.