बदली आणि प्रेमभंग : मराठी किशोरवयीन कादंबरीच्या इतिहासातील एक प्रश्न

मराठी कादंबरीत पौगंडावस्थेतील प्रेमाला उशिरा प्रवेश मिळाला, याचे कारण केवळ लेखकांच्या संकोचात शोधणे अपुरे ठरते. स्त्रियांच्या बाबतीत तरी ते वय स्वतंत्र अवस्था म्हणून दीर्घकाळ अस्तित्वातच नव्हते. हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधील यमूचे बालपण थेट सासरी जाऊन संपते. १८९१ च्या कायद्याने संमतिवय १० वरून १२ वर नेले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले, ते १९४९ मध्ये १५ आणि १९७८ मध्ये १८ झाले. बालपण आणि विवाह यांमधील अंतर असे वाढत गेले, आणि त्या रिकाम्या जागेत शाळा आली.

कुमारवाङ्मयाने मात्र ही जागा साहसाला दिली. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, चोर पकडतो. प्रेमात पडण्याची सवड त्याला मिळत नाही. परिणामी किशोरवयीन प्रेम मराठीत अवतरले ते किशोरांसाठी लिहिलेल्या पुस्तकांतून नव्हे, तर प्रौढांनी प्रौढांसाठी लिहिलेल्या स्मरणप्रधान लेखनातून. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधील (१९९४) लंपन आणि सुमी यांचे नाते या वाटेवरचा एक हळुवार टप्पा होय, पण ते नाते प्रेमाच्या उंबरठ्याअलीकडेच थांबते. उंबरठा ओलांडला तो मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ने (२००४).

आणीबाणीच्या काळात नववीत शिकणारा मुकुंद जोशी वर्गातल्या शिरोडकरवर प्रेम करतो. वर्षअखेरीस तिच्या वडिलांची बदली होते, कुटुंब गाव सोडते, आणि मुकुंदापुढे दहावी उरते. येथे ताटातूट घडते, पण ती कोणीही केलेली नाही. भांडण नाही, नकार नाही, मनपालट नाही. आणीबाणीच्या पार्श्वभूमीमुळे या शेवटात सत्तेचे रूपक पाहण्याचा मोह होतो. परंतु रूपकापेक्षा येथील वास्तव अधिक बोलके आहे. नोकरदार मध्यमवर्गाच्या जीवनात बदली ही इतकी नित्याची घटना होती की तिच्यामागे कोणाची दुष्टता कल्पावी लागत नाही. मुलांच्या नात्याला समाजात नावच नसल्याने ते मोडण्याचे कष्टही कोणाला घ्यावे लागत नाहीत.

मराठी क्रियापदाची साक्ष या संदर्भात महत्त्वाची ठरते. प्रेमभंग ‘होतो’, तो कोणी ‘करत’ नाही. आजची मुले ‘ब्रेकअप केलं’ म्हणतात, तेव्हा उसन्या शब्दापेक्षा त्याला जोडलेले ‘करणे’ हे अधिक नवे आहे.

ज्या १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली, त्याच वर्षी अमेरिकेत ज्यूडी ब्लूम यांची ‘फॉरेव्हर’ प्रसिद्ध झाली. शाळेच्या अखेरच्या वर्षातील कॅथरिन मायकेलवर कायमचे प्रेम करण्याच्या शपथा घेते, उन्हाळी शिबिरात थिओकडे ओढली जाते आणि मायकेलशी असलेले नाते स्वतः संपविते. तेथील शालेय ग्रंथालयांत या पुस्तकाला वारंवार विरोध झाला. विरोधाचा रोख प्रामुख्याने शरीरसंबंधांच्या वर्णनावर होता; पण मुलीने आपले मन बदलावे आणि त्याबद्दल कथानकाने तिला शिक्षा करू नये, हे त्या कादंबरीचे खरे धाडस म्हणावे लागेल. शिवाय ते मुलीच्याच निवेदनातून, समकालीन मुलांसाठी सांगितलेले आहे. ‘शाळा’ तोच काळ जवळजवळ तीस वर्षांनी मागे वळून पाहते.

कलाकृती म्हणून ‘शाळा’ अधिक समृद्ध आहे, यात शंका नाही. मुलांची टोळीभाषा, ‘लाइन’ देण्याघेण्याचे संकेत, शिक्षकांची टोपणनावे यांतून एका वयाचा संपूर्ण भाषाव्यवहार तीत उभा राहतो. परंतु याच भाषेत नायिका बहुतांशी आडनावानेच उरते, आणि हे आडनाव वडिलांचे आहे. त्यांच्या बदलीबरोबर तेही गावातून जाते. ती बातमी तिला घरी कशी कळली, सामान बांधताना ती कोणाशी काय बोलली, हे मुकुंदाच्या निवेदनाला दिसूच शकत नाही.