छिद्रांचे मोल : भिंतीतून जमिनीवर उतरलेल्या काँक्रीटचा इतिहास

१/ काँक्रीट म्हणजे पाणी अडवणारा कृत्रिम दगड, अशी सर्वसाधारण समजूत. परंतु १९व्या शतकापासून त्याचे एक भावंड अस्तित्वात आहे, ज्यावर ओतलेले पाणी पाहता पाहता आत जिरते. हे सच्छिद्र काँक्रीट. त्याचा जो दोष मानला गेला, तोच पुढे त्याचा गुण कसा ठरला, त्याचा हा इतिहास.

२/ नेहमीच्या काँक्रीटमध्ये खडीमधील पोकळ्या वाळू भरून काढते. येथे वाळू जवळजवळ वगळलेली असते. एकसारख्या आकाराच्या खडीवर सिमेंटचा पातळ लेप बसतो आणि खडे जेथे एकमेकांना टेकतात, तेथेच चिकटतात. उरलेली जागा मोकळी राहते. साधारण १५ ते २५ टक्के भाग निव्वळ पोकळी!

३/ त्याचा पहिला ज्ञात वापर १८५२ मधला, ब्रिटनमधला. दोन घरे आणि समुद्राच्या लाटा थोपवणारा एक बांध त्यातून उभारला गेला. त्या वेळी पाणी जिरवण्याचा विचार कोणाच्या मनातही नव्हता. वाळू वगळली की सिमेंट कमी लागते, एवढेच आकर्षण होते.

४/ त्यानंतर बराच काळ हे तंत्र मागे पडले. १९२३ मध्ये एडिनबरो येथे या पद्धतीने ५० दुमजली घरे बांधली गेली. पुढे दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा ब्रिटनपुढे घरांची प्रचंड टंचाई होती. विटा अपुऱ्या, गवंडी अपुरे. टंचाईने या काँक्रीटला पुन्हा बोलावून घेतले.

५/ ओल्या अवस्थेत त्याचा साच्यावर दाब कमी पडतो, म्हणून पूर्ण मजल्याची भिंत एका वेळी ओतता येई. मोठ्या पोकळ्यांमुळे ओल केशाकर्षणाने वर चढत नसे. जॉर्ज विम्पी या कंपनीने अशी सुमारे ३ लाख घरे बांधली. मात्र पाऊस आरपार जाऊ नये, म्हणून भिंतींना बाहेरून गिलावा करावाच लागे.

६/ आता दृश्य बदलते : अमेरिकेतील फ्लोरिडा, १९७० चे दशक. सपाट प्रदेश, मुसळधार पाऊस आणि झपाट्याने पसरणारी डांबरी वाहनतळे. पूर्वी वाळूत मुरणारे पाणी आता तेल आणि धूळ घेऊन तळ्यांत शिरू लागले. गिलाव्याने झाकलेली ती छिद्रे येथे उघडी ठेवण्यात आली, आणि भिंतीचे काँक्रीट जमिनीवर उतरले.

७/ त्याला बळ दिले कायद्याने. १९८० च्या दशकात फ्लोरिडाने पावसाच्या पाण्याची व्यवस्था बांधकामाच्या आवारातच करणे बंधनकारक केले. १९८७ मध्ये अमेरिकेच्या स्वच्छ जल कायद्यातील दुरुस्तीने शहरी पावसाचे पाणीही प्रदूषण नियंत्रणाच्या कक्षेत आले. वाहून जाणारे पाणी फुकट राहिले नाही.

८/ हिशेब पाहू. १,००० चौरस मीटरच्या वाहनतळावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर २५,००० लिटर पाणी जमते. ते अडवण्यासाठी तलाव खोदायचा, तर मोलाची जमीन जाते. १५ सेंटीमीटर जाडीचा, २० टक्के पोकळीचा थर मात्र स्वतःच्या पोटात ३० मिलिमीटर पाऊस सामावतो.

९/ म्हणजे हा पृष्ठभाग डांबरापेक्षा महाग पडला, तरी तलाव, गटारे व नळ यांवरचा खर्च वाचतो आणि तलावाची जागा वापरता येते. शिवाय भूजलाचे पुनर्भरण होते, झाडांच्या मुळांना हवा व पाणी मिळते, गाळ आणि तेलाचा बराच अंश वाटेतच अडतो. बचत आणि पर्यावरण यांची अशी सांगड क्वचितच जुळते.

१०/ मर्यादाही त्याच छिद्रांत आहेत. ताकद कमी असल्याने अवजड वाहतुकीचे रस्ते त्याला पेलत नाहीत. खालची माती चिकण असेल, तर पाणी सावकाश मुरते. म्हणून खडीचा जाड थर, कधी निचऱ्याचे नळही लागतात. धूळ आणि पालापाचोळा साचला की छिद्रे बुजतात. ती यंत्राने शोषून वेळोवेळी मोकळी केली नाहीत, तर उरते केवळ एक महागडी, कमकुवत फरशी.

११/ शंभरहून अधिक वर्षे या पदार्थाची कृती फारशी बदलली नाही. बदलली ती माणसाची गरज. सिमेंटची काटकसर करताना जी पोकळी पत्करली, तिची किंमत कळायला आधी शहरांखालची जमीन झाकली जावी लागली. जमीन पुन्हा उघडण्याचे साधन हाती आहे. ते टिकते की बुजते, हे मात्र अंथरणाऱ्यापेक्षा झाडणाऱ्यावर अधिक अवलंबून आहे.